विद्यापीठीय शिक्षणाची दर्जानिश्चिती, भारतातील

विद्यापीठीय शिक्षणाची दर्जानिश्चिती, भारतातील : विद्यापीठाचे अभ्यासक्रम कोणी व कोणत्या निकषांवर आखावेत, त्यांचे अध्यापन किमान कोणत्या परिस्थितीत व्हावे आणि त्या अध्यापनाची फलश्रुती कशी तपासावी, यांसंबंधीच्या नियमांना, संस्थांना व प्रक्रियांना मिळून दर्जानिश्चिती ही संज्ञा लावली जाते. अभ्यासक्रमाची रचना, अध्यापन आणि परीक्षा ही तिची तीन अंगे होत. शिक्षणशास्त्रीय दृष्ट्या ही तिन्ही अंगे परस्परावलंबी असतात. भारतात मात्र ती आरंभापासून निरनिराळ्या हाती राहिली. अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवावा, तो महाविद्यालयांनी शिकवावा आणि परीक्षा पुन्हा विद्यापीठाने घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. या विभागणीतून उद्‌भवलेले प्रश्न व ते सोडविण्याचे प्रयत्न हाच भारतातील दर्जानिश्चितीच्या इतिहासाचा मुख्य विषय आहे.

आरंभकाळ (१८५४–१९०४) : ईस्ट इंडिया कंपनीच्या नियामक मंडळाचा अध्यक्ष सर चार्ल्स वुड याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या १८५४ च्या शैक्षणिक खलित्यात कलकत्ता, मुंबई व गरज भासल्यास मद्रास येथे विद्यापीठे स्थापावीत, अशी सूचना होती. त्यासाठी लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवण्यात आला. १८३६ मध्ये सनद मिळालेले लंडन विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवीत नसे. संलग्न संस्थांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदव्या देणे एवढेच त्याचे कार्य होते. काही विषयांसाठी विद्यापीठात प्राध्यापकपदे निर्माण करणे इष्ट होईल, असेही खलित्यात सुचविलेले होते. तथापि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास विद्यापीठांचे कायदे झाले, तेव्हा ही तिन्ही विद्यापीठे व्यवहारात परीक्षक संस्था म्हणूनच अस्तित्वात आली.

या रचनेमागे व्यावहारिक कारणे होती. मोठ्या प्रदेशात विखुरलेली, सरकारी, मिशनरी व खाजगी अशा भिन्न व्यवस्थापनांखालील महाविद्यालये एका सूत्रात आणावयाची, तर सर्वांना समान असणारी परीक्षा हे सर्वांत कमी खर्चाचे साधन होते. खाजगी संस्थेच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करताही तिच्या विद्यार्थ्यांची पात्रता त्याद्वारे पारखता येत असे. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये व पहिली बी. ए. ची परीक्षा १८६२ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे या विद्यापीठाचे पहिले पदवीधर होत. ही नावे पाहता परीक्षाधिष्ठित पद्धतीने आरंभी उच्च दर्जा राखला होता, हे मान्य करावे लागते. परंतु तो दर्जा निवडक विद्यार्थी व मोजकी महाविद्यालये यांच्या आधारावर उभा होता. महाविद्यालयांची संख्या वाढू लागताच परीक्षेने केवळ निष्पत्ती मोजली जाते, अध्यापन सुधारत नाही, ही गोष्ट स्पष्ट झाली.

परीक्षा हाच दर्जाचा एकमेव मापक ठरल्याने अभ्यासक्रम म्हणजे नेमलेली पाठ्यपुस्तके व प्रश्नपत्रिकांची संख्या, असा त्याचा अर्थ संकुचित झाला. नेमलेल्या पुस्तकांच्या टीपा पाठ करणे ही विद्यार्थ्यांची आणि त्या सांगणे ही अध्यापकांची मुख्य कामगिरी बनली. अभ्यासक्रम ठरविणाऱ्या अधिसभेत तहहयात नेमलेल्या अधिछात्रांचा भरणा होता. त्यांत न्यायाधीश, सनदी अधिकारी, धनिक व प्रतिष्ठित नागरिक असत. प्रत्यक्ष वर्गात शिकविणाऱ्या अध्यापकांना मात्र पुरेसे प्रतिनिधित्व नव्हते. देशी भाषांना उच्च परीक्षांतून वगळण्याचा मुंबई विद्यापीठाचा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील निर्णय या संदर्भात उल्लेखनीय आहे. अभिजात भाषांच्या अध्ययनाने दर्जा उंचावेल, असा त्यामागचा तर्क होता. मराठी आणि अन्य देशी भाषांना अभ्यासक्रमात पुन्हा स्थान मिळावे, यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी विद्यापीठात दीर्घकाळ प्रयत्न केले. दर्जा कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून तो सांस्कृतिक निवडीचाही आहे, हे या वादाने प्रथम दाखवून दिले.

विद्यापीठांचा कायदा, १९०४ : लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत १९०२ मध्ये टॉमस रॅली याच्या अध्यक्षतेखाली भारतीय विद्यापीठ आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशींवरून १९०४ चा कायदा संमत झाला. तीन जुन्या विद्यापीठांतील अधिछात्रांची संख्या किमान ५० व कमाल १०० अशी मर्यादित करण्यात आली आणि त्यांची मुदत तहहयात न ठेवता पाच वर्षांची करण्यात आली. कार्यकारी मंडळाला वैधानिक दर्जा मिळून त्यात अध्यापकांना स्थान लाभले. संलग्नतेच्या अटी कडक झाल्या. अध्यापकवर्गाची पात्रता, इमारती, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहाची सोय व आर्थिक स्थैर्य यांची पाहणी करून मगच संलग्नता द्यावी आणि पुढेही महाविद्यालयांची तपासणी व्हावी, असे ठरले. विद्यापीठांना स्वतः अध्यापन व संशोधन करण्याचा अधिकारही या कायद्याने दिला.

अध्यापनाच्या परिस्थितीला कायद्याचा निकष लावण्याचा भारतातील हा पहिला व्यापक प्रयत्न होय. तथापि त्याचे स्वागत झाले नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकाला विरोध केला. सुधारणेच्या नावाखाली विद्यापीठे सरकारी नियंत्रणाखाली जातील व भारतीयांचा प्रभाव घटेल, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता. रॅली आयोगाचे सदस्य गुरुदास बॅनर्जी यांनीही भिन्नमतपत्रिका जोडली होती. कडक अटींचा फटका तुटपुंज्या साधनांवर चालणाऱ्या खाजगी भारतीय महाविद्यालयांना बसेल, ही भीती निराधार नव्हती. दर्जा राखण्यासाठी नियंत्रण हवे. पण ते कोणाच्या हाती असावे, हा वाद तेव्हापासून भारतीय उच्च शिक्षणात सातत्याने चालू राहिलेला दिसतो.

सॅडलर आयोग व अध्यापक विद्यापीठांची कल्पना : १९१७ मध्ये नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे अध्यक्ष मायकेल सॅडलर हे होते आणि सर आशुतोष मुखर्जी, झियाउद्दीन अहमद, फिलिप हारटॉग, रॅम्झी म्यूर प्रभृती त्याचे सदस्य होते. १९१९ मध्ये सादर झालेल्या १३ खंडांच्या अहवालात आयोगाने समस्येच्या मुळाशी हात घातला. माध्यमिक शिक्षण कच्चे असल्याने विद्यापीठाचा बराच काळ शालेय स्वरूपाच्या अध्यापनात जातो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून इंटरमीजिएटचे वर्ग विद्यापीठापासून वेगळे करावेत, पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असावा आणि संलग्नतेच्या पद्धतीऐवजी अध्यापन करणारी, एककेंद्री व निवासी विद्यापीठे उभारावीत, अशा शिफारशी करण्यात आल्या. १९२१ मध्ये कार्यान्वित झालेले डाक्का विद्यापीठ हे या विचाराचे प्रत्यक्ष रूप होय. हारटॉग हे त्याचे पहिले कुलगुरू झाले.

मुंबई विद्यापीठातही याच सुमारास अध्यापनाचा विस्तार झाला. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस यांची समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकपदी नेमणूक झाली. १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी या विभागाची धुरा सांभाळली. १९२८ च्या कायद्याने विद्यापीठाची पुनर्रचना होऊन अध्यापन व संशोधन या कार्यांना बळकटी आली, तर १९३३ मध्ये रासायनिक तंत्रविद्या विभाग सुरू झाला. अभ्यासक्रम आखणारे व शिकविणारे हात एकच असले, म्हणजे विषयाची वाढ कशी होते, याची ही विद्यापीठ-विभागांची उदाहरणे आहेत. परंतु बहुसंख्य विद्यार्थी अशा विभागांत नव्हे, तर संलग्न महाविद्यालयांतच शिकत होते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने दर्जाविषयीच्या रूढ कल्पनेला निराळे आव्हान दिले. सरकारी मान्यतेविना सुरू झालेल्या या विद्यापीठाने मातृभाषा हे अध्यापनाचे माध्यम स्वीकारले, इंग्रजी हा विषय कायम ठेवला व स्त्रियांच्या गरजा लक्षात घेऊन अभ्यासक्रमाची आखणी केली. सरकारमान्य पदवी म्हणजेच दर्जा, या समजुतीमुळे त्याच्या पदवीधरांना अडचणी सोसाव्या लागल्या. स्वातंत्र्योत्तर काळात त्यास वैधानिक दर्जा लाभला.

विद्यापीठांतील परस्परसहकार्यासाठी १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले. परस्परांच्या पदव्यांची मान्यता हा त्याच्या कार्याचा एक महत्त्वाचा भाग होता. १९७३ पासून ते भारतीय विद्यापीठ संघ या नावाने ओळखले जाते. व्यावसायिक शिक्षणाच्या क्षेत्रात याच काळात एक बोधप्रद घटना घडली. भारतातील वैद्यकीय शिक्षणाच्या, विशेषतः प्रसूतिशास्त्राच्या प्रात्यक्षिक शिक्षणाच्या दर्जाविषयी शंका उपस्थित करून ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९३० मध्ये भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. दर्जाचा निर्णय परकीय संस्थेने करावा, ही स्थिती स्वाभिमानाला व व्यवसायालाही बाधक असल्याने १९३३ च्या कायद्यान्वये भारतीय वैद्यक परिषद स्थापन करण्यात आली. २०२० मध्ये तिची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली.

राधाकृष्णन आयोग (१९४८–४९) : स्वातंत्र्यानंतर नोव्हेंबर १९४८ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमण्यात आला. झाकिर हुसेन, मेघनाद साहा, लक्ष्मणस्वामी मुदलियार, ताराचंद हे त्याचे काही सदस्य. अभ्यासक्रम व अध्यापन यांच्या दर्जासंबंधी या आयोगाने प्रथमच संख्यात्मक निकष मांडले. बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतरच विद्यापीठात प्रवेश असावा. परीक्षेचे दिवस वगळून वर्षात किमान १८० दिवस अध्यापन व्हावे. संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थिसंख्या १,५०० हून अधिक नसावी. व्याख्यानांना लहान गटांतील चर्चेची व ग्रंथालयातील स्वाध्यायाची जोड द्यावी. कोणत्याही अभ्यासक्रमासाठी पाठ्यपुस्तके नेमू नयेत. प्रत्येक विषयाच्या गुणांपैकी एकतृतीयांश गुण वर्षभराच्या कामासाठी राखून ठेवावेत, या त्याच्या ठळक शिफारशी होत. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली, तर ती परीक्षांची सुचवावी लागेल, असे आयोगाचे मत होते.

या शिफारशींपैकी पाठ्यपुस्तके न नेमण्याची सूचना विशेष मूलगामी होती. पुस्तक नेमले की अभ्यासक्रम त्या पुस्तकापुरता मर्यादित होतो. विषय नेमला, तर अध्यापकाला व विद्यार्थ्याला अनेक ग्रंथांकडे वळावे लागते. परंतु त्यासाठी समृद्ध ग्रंथालये व स्वतंत्र बुद्धीने शिकविणारा अध्यापक यांची आवश्यकता असते. या दोन्ही गोष्टींची उणीव असलेल्या महाविद्यालयांत, विशेषतः लहान गावांतून, नेमलेले पुस्तक हाच विद्यार्थ्याचा एकमेव आधार राहिला.

घटनात्मक तरतुदी व विद्यापीठ अनुदान आयोग : भारतीय संविधानाने शिक्षण हा विषय मूलतः राज्यसूचीत ठेवला; परंतु उच्च शिक्षण व संशोधन संस्थांतील दर्जांचा समन्वय व निश्चिती हा विषय संघसूचीतील ६६ व्या नोंदीने केंद्राकडे सोपविला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले. दर्जानिश्चितीच्या या अधिकाराची व्याप्ती सर्वोच्च न्यायालयाने गुजरात विद्यापीठ विरुद्ध श्रीकृष्ण मुधोळकर या १९६२ च्या प्रकरणात स्पष्ट केली. शिक्षणाच्या माध्यमाचा परिणाम दर्जावर होत असेल, तर तेवढ्यापुरता तो विषय केंद्राच्या अधिकारात येतो, असा या निर्णयाचा आशय होता.

सार्जंट योजनेत (१९४४) सुचविल्यानुसार १९४५ मध्ये अलीगढ, बनारस व दिल्ली या तीन विद्यापीठांसाठी एक अनुदान समिती स्थापन झाली होती. राधाकृष्णन आयोगाच्या शिफारशीनंतर २८ डिसेंबर १९५३ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्‌घाटन झाले आणि १९५६ च्या अधिनियमाने त्यास वैधानिक दर्जा मिळाला. शांतिस्वरूप भटनागर हे पहिले अध्यक्ष. त्यांच्यानंतर १९५६ ते १९६१ या काळात चिंतामण द्वारकानाथ देशमुख आणि १९६१ ते १९७३ या काळात दौलतसिंह कोठारी हे अध्यक्ष होते. अध्यापन, परीक्षा व संशोधन यांचा दर्जा ठरविणे व राखणे हे अधिनियमाच्या १२ व्या कलमाने आयोगाचे कर्तव्य ठरविले. १३ व्या कलमाने त्यास तपासणीचा आणि १४ व्या कलमाने शिफारशी न पाळणाऱ्या विद्यापीठाचे अनुदान रोखण्याचा अधिकार दिला.

एकाच संस्थेकडे अनुदान व दर्जा ही दोन्ही कार्ये सोपविण्यामागे, आर्थिक साहाय्याच्या द्वारे दर्जा उंचावता येईल, ही अपेक्षा होती. आयोगाने तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमास चालना दिली, ग्रंथालये व प्रयोगशाळा यांना साहाय्य केले व १९६३-६४ च्या सुमारास निवडक विभागांना प्रगत अध्ययन केंद्रांचा दर्जा दिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्राचे केंद्र हे त्यांपैकी एक होय. अनुदान रोखण्याचे अस्त्र मात्र व्यवहारात सहजपणे वापरता येण्यासारखे नव्हते. कारण ज्या संस्थेचा दर्जा खालावला आहे, तिलाच साहाय्याची निकड अधिक असते.

कोठारी आयोग व स्वायत्ततेचा विचार : दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) शिक्षण व राष्ट्रीय विकास यांची सांगड घातली. या आयोगाचे सदस्य-सचिव जयंत पांडुरंग नाईक (जे. पी. नाईक) हे होते. उत्तम महाविद्यालयांना स्वतःचे अभ्यासक्रम आखण्याची, प्रवेशाचे नियम करण्याची व परीक्षा घेण्याची मुभा असावी, ही स्वायत्त महाविद्यालयांची कल्पना आयोगाने पुरस्कारिली. अंतर्गत मूल्यमापन, निवडक विद्यापीठांचा विशेष विकास व प्रादेशिक भाषांतून उच्च शिक्षण या त्याच्या अन्य शिफारशी होत. समानता, गुणवत्ता व विस्तार ही उद्दिष्टे एकाच वेळी साधणे किती दुष्कर आहे, याचे विवेचन नाईक यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात केले आहे.

स्वायत्ततेची शिफारस अमलात यायला बारा वर्षे लागली. १९७८ मध्ये तमिळनाडूत मद्रास व मदुराई विद्यापीठांच्या क्षेत्रांतील काही महाविद्यालयांना प्रथम स्वायत्तता मिळाली. महाराष्ट्रात तिचा प्रसार बराच उशिरा झाला. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय २०१० मध्ये स्वायत्त झाले. या विलंबास विद्यापीठांची अनिच्छा हे एकमेव कारण नव्हते. कार्यभार वाढेल, अंतर्गत गुणांत पक्षपात होईल, व्यवस्थापनाची अरेरावी माजेल, अशी भीती अध्यापकांनाही वाटत होती. बाह्य परीक्षा सदोष असली, तरी ती निःपक्षपाती आहे, हा समाजाचा विश्वास तिच्या टिकून राहण्याचे मोठे कारण ठरला. ज्या विद्यार्थ्याच्या मागे घराण्याचे किंवा संस्थेचे नाव नाही, त्याच्या दृष्टीने नाव झाकलेली उत्तरपत्रिका हे न्यायाचे साधन होते. अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार करताना या बाजूचा विचार पुष्कळदा अपुरा झालेला दिसतो.

आयोगाने १९७३ मध्ये परीक्षा-सुधारणेचा कृति-आराखडा प्रसिद्ध केला. सत्रपद्धती, प्रश्नपेढ्या, गुणांऐवजी श्रेणी व सातत्यपूर्ण मूल्यमापन ही त्यातील प्रमुख सूत्रे होती. पदवीच्या पहिल्या पायरीसाठी अध्यापनाचे किमान निकष सांगणारे विनियम १९८५ मध्ये निघाले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अध्यापकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी १९८७ पासून शैक्षणिक कर्मचारी महाविद्यालये सुरू झाली. अभ्यासक्रम-विकास केंद्रांनी निरनिराळ्या विषयांचे आदर्श अभ्यासक्रम तयार केले. अधिव्याख्यातापदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा १९८९ मध्ये सुरू झाली. या सर्व उपायांत भर अभ्यासक्रमाच्या मजकुराकडून तो शिकविणाऱ्या व्यक्तीकडे वळला, हे लक्षणीय आहे.

मूल्यांकन व अधिस्वीकृती : संस्थेची बाह्य तज्ज्ञांकडून नियतकालिक पारख करून तिला श्रेणी देण्याची पद्धत भारतात १९९४ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने बंगलोर (बंगळुरू) येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) स्थापन केली. तांत्रिक शिक्षणक्रमांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्याच वर्षी राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ निर्माण केले. पहिली संस्था समग्र महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे मूल्यांकन करते, तर दुसरी विशिष्ट शिक्षणक्रमाचे. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्परमान्यतेसंबंधीच्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला व त्यामुळे फलनिष्पत्तीवर आधारित अभ्यासक्रम-रचनेस अभियांत्रिकीत चालना मिळाली. या रचनेत काय शिकवावे यापेक्षा शिक्षणक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, येथून आखणीचा आरंभ होतो.

नॅकच्या पद्धतीत संस्था प्रथम स्वयं-अध्ययन अहवाल तयार करते व नंतर समकक्ष तज्ज्ञांचे पथक प्रत्यक्ष भेट देते. अभ्यासक्रमविषयक बाबी, अध्ययन-अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, भौतिक सुविधा, विद्यार्थिसाहाय्य, प्रशासन व नेतृत्व, संस्थात्मक मूल्ये हे तिचे सात निकष होत. २०१७ च्या सुधारित चौकटीत एकूण १,००० गुणांपैकी अभ्यासक्रमाच्या निकषास विद्यापीठांसाठी व स्वायत्त महाविद्यालयांसाठी १५०, तर संलग्न महाविद्यालयांसाठी १०० गुण ठेवण्यात आले. याउलट अध्ययन-अध्यापनास अनुक्रमे २००, ३०० व ३५० गुण होते. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम आखण्याचा अधिकारच नसल्याने तेथे त्याची जबाबदारी केवळ अंमलबजावणीपुरती धरली गेली. १८५७ ची श्रमविभागणी दीडशेहून अधिक वर्षांनंतरही गुणदानाच्या तक्त्यात अशा रीतीने प्रतिबिंबित झालेली आढळते.

अधिस्वीकृतीमुळे महाविद्यालयांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष स्थापन झाले, नोंदी ठेवण्याची शिस्त लागली, विद्यार्थ्यांचे अभिप्राय घेण्याची प्रथा पडली व ग्रंथालयांकडे लक्ष गेले. हे तिचे निर्विवाद फायदे होत. कागदोपत्री पुराव्यावर अतिरिक्त भर, भेटीपूर्वीची तात्पुरती सजावट आणि अध्यापनाचा वेळ माहिती भरण्यात जाणे, हे तिच्यावरील प्रमुख आक्षेप आहेत. जे मोजता येते तेच महत्त्वाचे ठरते आणि वर्गात घडणारी विचारप्रक्रिया मोजमापाबाहेर राहते, ही मर्यादा अशा सर्वच पद्धतींना आहे.

अन्य देशांतील पद्धती : इंग्लंडमध्ये विद्यापीठाच्या परीक्षांवर अन्य विद्यापीठातील प्राध्यापकाने देखरेख करण्याची बाह्य परीक्षकांची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. तेथे अभ्यासक्रम व अध्यापन विद्यापीठाच्याच हाती असून बाह्य परीक्षक केवळ दर्जाची तुल्यता पाहतो. १९९७ मध्ये तेथे गुणवत्ता हमी अभिकरण स्थापन झाले व त्याने विषयवार दर्जानिदर्शक निवेदने तयार केली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अधिस्वीकृतीचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिक्षणसंस्थांच्या ऐच्छिक प्रादेशिक संघांतून झाला. यूरोपीय देशांनी १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर पदव्यांची तुल्यता व श्रेयांकांची देवघेव यांकडे लक्ष पुरविले. या देशांच्या तुलनेत भारतीय व्यवस्थेचे वेगळेपण तिच्या संलग्नतेच्या विस्तारात आहे.

श्रेयांकपद्धती व अलीकडील पुनर्रचना : महाराष्ट्रात १९९४ चा विद्यापीठ अधिनियम व त्याची जागा घेणारा २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम यांनुसार अभ्यासक्रम तयार करण्याचे काम विषयवार अभ्यास मंडळांकडे असून त्यांस मान्यता देण्याचा अधिकार विद्यापरिषदेकडे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवडीवर आधारित श्रेयांकपद्धतीचा आराखडा दिला. १५ तासांचे व्याख्यानरूप अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, तर प्रात्यक्षिकासाठी त्याच्या दुप्पट तास, असे सामान्यतः धरले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी, मधल्या टप्प्यांवर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय व संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० व चार वर्षांच्या सन्मान पदवीसाठी १६० श्रेयांक लागतात. महाराष्ट्रात ही रचना २०२३-२४ पासून विद्यापीठ-विभागांत व स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली.

श्रेयांक हे अध्यापनकालाचे परिमाण आहे, गुणवत्तेचे नव्हे. विषयनिवडीचे स्वातंत्र्य देणारी ही पद्धत विविध विषयांचे अध्यापक उपलब्ध असलेल्या मोठ्या महाविद्यालयात अर्थपूर्ण ठरते. मोजकेच अध्यापक असलेल्या ग्रामीण महाविद्यालयात निवडीचा हक्क कागदावरच राहण्याचा संभव असतो. अभ्यासक्रमाची चौकट वारंवार बदलली, तर नवी पुस्तके व प्रशिक्षण मिळण्यापूर्वीच ती शिकविण्याची वेळ अध्यापकांवर येते.

मूल्यमापन : १९५०-५१ मध्ये भारतात सु. २८ विद्यापीठे, ५७८ महाविद्यालये व पावणेदोन लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत १,१६८ विद्यापीठे, ४५,४७३ महाविद्यालये व ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी यांची नोंद झाली. दर्जा घसरला, ही तक्रार रॅली आयोगाच्या काळापासून ऐकू येते. परंतु ज्या समाजगटांना पूर्वी विद्यापीठाचे दार बंद होते, त्यांतील विद्यार्थी या विस्तारामुळेच आत आले, हे विसरून चालत नाही. मूठभरांसाठी राखलेला दर्जा व बहुजनांपर्यंत पोहोचविलेला दर्जा या भिन्न गोष्टी असून दुसरी अधिक कठीण आहे.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासात परीक्षा, तपासणी, अनुदान, स्वायत्तता, अधिस्वीकृती व श्रेयांक ही साधने क्रमाने पुढे आली. त्यांतील प्रत्येकाने आधीच्या साधनाची एखादी उणीव भरून काढली. मात्र कोणतेही एक साधन अध्यापकाची जागा घेऊ शकले नाही. रिक्त जागा, तासिका तत्त्वावरील नेमणुका व अपुरी ग्रंथालये असलेल्या महाविद्यालयात उत्तम आखलेला अभ्यासक्रमही नेमलेल्या पुस्तकाच्या टीपांपर्यंतच पोहोचतो. अभ्यासक्रमाच्या आखणीत तो शिकविणाऱ्यांचा सहभाग, त्यांना पुरेसा अवकाश व स्थैर्य आणि मूल्यमापनात विद्यार्थ्याला निःपक्षपातीपणाची हमी, या तीन गोष्टी एकत्र आणण्याचा प्रश्न १९०४ पासूनच्या बहुतेक आयोगांनी निरनिराळ्या शब्दांत मांडला आहे. संलग्नतेची पद्धत संपविण्याचे उद्दिष्ट कितपत सफल होईल, हे या तिन्हींची सांगड लहान महाविद्यालयांत कशी घातली जाते, त्यावर मुख्यत्वे अवलंबून राहील.